अहवालसूत्रांतील ओळ-स्तंभनिर्देश : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

कारखान्याच्या किंवा कचेरीच्या मासिक अहवालात जे आकडे छापले जातात त्यांतील सर्वच मोजलेले नसतात; पुष्कळसे काढलेले असतात. ते कसे काढावयाचे हे सांगणारे वाक्य अहवालाच्या पाठीमागे असते. त्याला सूत्र म्हणतात. सूत्राला वाक्य म्हणणे हा केवळ अलंकार नव्हे. बेरीज, भागाकार, सरासरी ही त्यातील क्रियापदे होत. आणि ज्या ओळीतील व ज्या स्तंभातील आकड्यांवर ती क्रिया घडावयाची त्यांचे निर्देश ही त्यातील नामे आणि सर्वनामे होत. संगणकीय अहवालविद्येच्या पुस्तकांत (‘बिझनेस इंटेलिजन्स’ या नावाने ही विद्या आज ओळखली जाते) क्रियापदांची चर्चा विपुल आढळते. निर्देशांची मात्र एक-दोन परिच्छेदांत आटोपलेली असते. वस्तुतः भागाकार चुकत नाही. कशाला भागावयाचे, ते चुकते.

निगडीपासून भोसरी आणि चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन निगडी-आकुर्डीच्या शेतजमिनींवर सेक्टर आखले गेले. वाहनांच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने या पट्ट्यात दाटीने वसले आहेत. दहा लाख नगांमागे सदोष नग किती, हा आकडा अशा पुरवठादाराकडून ग्राहक नियमाने मागतो, आणि पुढच्या कामाचे बरेच काही त्या एका आकड्यावर ठरते. तो आकडा ज्या सूत्रातून निघतो ते लिहिणारा मनुष्य विचार मराठीत करतो, ‘रो’ आणि ‘कॉलम’ हे शब्द इंग्रजीतून घेतो, आणि लिहितो तिसऱ्याच भाषेत. ही तिसरी भाषा निर्देशाच्या दृष्टीने कितपत प्रामाणिक आहे, एवढाच येथील विवेचनाचा विषय आहे.

उदाहरणादाखल एक अहवाल कल्पावा. पहिल्या स्तंभात भागाचा क्रमांक. त्यानंतर एप्रिलपासून मार्चपर्यंत बारा महिन्यांचे बारा स्तंभ. प्रत्येक ओळीत एका भागाचे त्या त्या महिन्यातील रिजेक्शन. खालच्या कोष्टकात ‘मागील महिन्यापेक्षा वाढ किंवा घट’ दाखवावयाची आहे. मे महिन्याच्या घरात सूत्र लिहिले जाते : हा स्तंभ वजा डावीकडचा स्तंभ. ते सूत्र उजवीकडे जून, जुलै असे मार्चपर्यंत नकलून नेले की बिनचूक चालते. मग कोणीतरी सोयीसाठी तेच एप्रिलच्या घरातही नकलतो. एप्रिलच्या डावीकडे मार्च नाही. तेथे भागाचा क्रमांक आहे. क्रमांकात अक्षर असेल तर यंत्र चूक दाखवील आणि प्रकरण तेथेच मिटेल. क्रमांक निव्वळ अंकी असेल तर यंत्र मुकाट्याने रिजेक्शनमधून भागाचा क्रमांक वजा करील, आणि खालच्या एकूण बेरजेत तो आकडा मिसळून जाईल.

येथे काय झाले? ‘मागील महिना’ हा कालनिर्देश आहे, ‘डावीकडचा स्तंभ’ हा स्थलनिर्देश आहे. वर्षाचे अकरा महिने दोहोंचा विषय एकच असतो. लिहिणाऱ्याच्या मनात पहिला होता, लिहिला गेला दुसरा. आणि सूत्राच्या भाषेत पहिला लिहिण्याची सोयच नसेल, तर दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारून भागत नाही.

आता या भाषेच्या घडणीकडे वळावे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आले, तेव्हापासून स्तंभाला रोमन अक्षर आणि ओळीला अंक देण्याची रीत रूढ झाली. बी स्तंभातील चौथ्या ओळीचे घर म्हणजे बी४. हे दिसते विशेषनामासारखे. परंतु सी४ या घरात ‘बी४’ असा निर्देश करून ते सूत्र एक ओळ खाली नकलले की त्याचे आपोआप ‘बी५’ होते. म्हणजे सी४ मध्ये लिहिलेल्या ‘बी४’ चा खरा अर्थ ‘माझ्या डावीकडचा शेजारी’ असा होता. सर्वनामाला विशेषनामाचा अंगरखा चढविलेला आहे. व्हिजिकॅल्कमध्ये नक्कल करताना यंत्र प्रत्येक निर्देशाविषयी विचारीत असे, की हा सापेक्ष मानावयाचा की अचल ठेवावयाचा. पण दिलेले उत्तर सूत्रात कोठेही नोंदले जात नसे. बोलणाऱ्याने हातवारा करावा आणि लेखनिकाने फक्त शब्द टिपावेत, तसा हा प्रकार होता. १९८३ च्या ‘लोटस १-२-३’ मध्ये अचल निर्देशाला डॉलरचिन्ह जोडण्याची पद्धत आली आणि हातवाऱ्याला लिपी मिळाली. तरीही विचित्र गोष्ट अशी, की चिन्ह मिळाले ते विशेषनामाला. सर्वनाम पूर्वीसारखेच निराभरण राहिले.

याउलट १९८२ च्या ‘मल्टिप्लॅन’ने दुसरी रीत पुढे आणली होती. तिच्यात ओळ व स्तंभ दोन्ही अंकांनी सांगितले जातात, आणि सापेक्ष निर्देश चौकटी कंसातील अंतराने दाखविला जातो : आरसी[-१] म्हणजे ‘याच ओळीतील, एक स्तंभ डावीकडचे घर’. हे सूत्र शंभर ओळी खाली नकलले तरी अक्षरशः तेच राहते, कारण त्याचा अर्थ तोच राहिलेला असतो. समान अर्थाला समान रूप, ही लेखनपद्धतीची पहिली कसोटी या रीतीने उतरते. लोकप्रिय रीत उतरत नाही. शंभर ओळींच्या स्तंभात एकच सूत्र मध्येच बिघडलेले असेल तर या रीतीत ते डोळ्यांना तत्काळ खुपते. बी४, बी५, बी६ च्या मालिकेत ते लपून राहते. ‘एक्सेल’ने १९८५ पासून दोन्ही रीती बाळगल्या, परंतु चलन पहिलीचेच राहिले. लोकांना अंतरापेक्षा नाव जवळचे वाटते. ते नाव खोटे असले तरी.

मराठीला सापेक्ष निर्देश नवा नाही. ‘परवा’ हा शब्दच पाहावा. तो आजपासून दोन दिवसांचे अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांत दिशा क्रियापदाचा काळ पुरवितो. आरसी[२] आणि आरसी[-२] यांत जे काम वजाचिन्ह करते ते मराठीत क्रियापद करते. अंतर आणि दिशा वेगवेगळ्या अवयवांवर सोपविण्याची ही व्यवस्था बोलण्यात कधी घोटाळा करीत नाही, कारण मराठी वाक्याला क्रियापद असते आणि क्रियापदाला काळ असतो. सूत्रातील ‘वजा’ला काळ नसतो. म्हणून सूत्राने दिशा आणि अंतर दोन्ही निर्देशातच उघडपणे लिहिली पाहिजेत.

निगडीत पत्ता सांगण्याच्या तीन तऱ्हा ऐकू येतात. ‘भेळ चौकातून पुढे, डाव्या हाताला’ हा सापेक्ष निर्देश. ‘सेक्टर अमुक, भूखंड अमुक’ हा अचल निर्देश. आणि ‘भक्ती-शक्तीपाशी’ हे विशेषनाम, जे सेक्टरांची आखणी उद्या बदलली तरी खरेच राहील. यांपैकी कोणतीही तऱ्हा स्वभावतः सदोष नाही. पहिली चालणाऱ्याच्या कामाची, दुसरी पोस्टमनच्या आणि तिसरी रिक्षावाल्याच्या. पण सेक्टर २७ च्या जोडीला सेक्टर २७-अ आहे, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय. वाढीव विभागाला अक्षराचा शेपटा लावला की पुढच्या सेक्टरांचे क्रमांक हलत नाहीत. विधिलेखनाचीही हीच रीत. १९७६ साली मूलभूत कर्तव्ये संविधानात आली ती अनुच्छेद ५१-अ म्हणून. २००२ मध्ये शिक्षणाचा हक्क आला तो २१-अ म्हणून. ५२ चे ५३ आणि २२ चे २३ कोणी केले नाही, कारण त्या क्रमांकांकडे बोट दाखविणारे निवाडे, अधिनियम आणि पुस्तके देशभर पसरलेली होती. महसुली दप्तरातही गाव नमुना आठ-अ आहे. आणि सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावापाशी वर्तुळात लिहिला जाणारा फेरफाराचा क्रमांक गाव नमुना सहामधील नोंदीकडे बोट दाखवितो, तो एकदा पडला की पडला.

तात्पर्य, कायद्याने आणि दप्तराने क्रमांकाला नाव मानले. सूत्रभाषेने क्रमांकाला जागा मानली. कोष्टकात मध्ये एक ओळ घातली की खालच्या सर्व ओळींचे क्रमांक बदलतात. त्या कोष्टकातील सूत्रे यंत्र स्वतः दुरुस्त करून घेते, हे खरे. पण जे निर्देश यंत्राला निर्देश म्हणून ओळखता येत नाहीत ते तसेच राहतात. ‘पाहा ओळ १२’ अशी टीप, मागील महिन्यात छापून पाठविलेला कागद, सुपरवायझरच्या ध्यानात बसलेला क्रमांक, हे सर्व आता भलत्याच ओळीकडे बोट दाखवितात. ‘व्हीलुकअप’ या बहुप्रचलित फलनात तर ओळ नावाने शोधली जाते आणि स्तंभ मोजून; मधे एक स्तंभ घुसला की मोजणी चुकते, कारण तेथे लिहिलेला ‘३’ यंत्राच्या दृष्टीने निर्देश नसून नुसता आकडा असतो. अर्धे नाव आणि अर्धी मोजणी अशी ही जोडणी इतकी वर्षे कशी खपली, हे एक कोडेच आहे.

निर्देश एका घराचा नसून पट्ट्याचा असतो तेव्हा प्रश्न अधिक खोल जातो, आणि येथे संस्कृत व्याकरणपरंपरेची साक्ष मोलाची आहे. पाणिनीचे प्रत्याहार हे पट्ट्याचे निर्देशच आहेत. चौदा शिवसूत्रांत मांडलेल्या वर्णक्रमातील आरंभीचा एक वर्ण घ्यावयाचा, शेवटाला एक खूणवर्ण घ्यावयाचा. या दोहोंच्या जोडीने मधला सारा पट्टा निर्दिष्ट होतो. ‘अच्’ म्हणजे सर्व स्वर. ही रचना मांडणीच्या क्रमावर सर्वस्वी अवलंबून आहे, आणि तिला धोकाही तोच आहे. ण् हा खूणवर्ण पहिल्या सूत्रातही येतो आणि सहाव्यातही. म्हणून ‘अण्’चा पट्टा कोठे संपतो याविषयी संदेह उत्पन्न होतो. परंपरेने निर्णय असा दिला, की हा पट्टा पहिल्या ण्-पाशी संपतो, अपवाद केवळ १.१.६९ या सूत्राचा. संदेह नाकारला गेला नाही. त्याची नोंद झाली, अपवादाचे स्थळ सांगितले गेले, आणि ते ज्ञान शिष्याकडे पोहोचविले गेले. आजच्या किती कारखान्यांत सूत्राबरोबर असे भाष्य पुढच्या मनुष्याच्या हाती दिले जाते?

पट्ट्याचा शेवट आत धरावयाचा की बाहेर, हा दुसरा संदेह. त्यालाही पाणिनीच्या २.१.१३ या सूत्रात दोन स्वतंत्र संज्ञा आहेत : सीमा वगळली तर मर्यादा, सीमा धरली तर अभिविधी. मराठीतील ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय दोन्ही अर्थांनी वापरले जाते आणि श्रोता प्रसंगावरून उमजून घेतो. सूत्रभाषांनी मात्र परस्परविरुद्ध पक्ष घेतले आहेत. एक्सेलचा विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम सदैव अभिविधीचा असतो. पायथन भाषेत तेच चिन्ह मर्यादेचे असते, शेवटचे पद त्यात येत नाही. एकाच कचेरीत एकच मनुष्य सकाळी एक आणि दुपारी दुसरी भाषा लिहितो, तेव्हा एका ओळीचा फरक पडणे नवलाचे नाही.

या फरकाचे मोल पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात विशेष जाणवते. ‘३१ मार्चपर्यंतचे उत्पादन’ यात ३१ च्या रात्री सुरू होऊन १ एप्रिलच्या पहाटे संपणाऱ्या तिसऱ्या पाळीचे नग येतात की नाही? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ ने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीपुरता याचा निकाल लावला होता : मध्यरात्रीनंतर केलेले तास आधीच्या दिवसात मोजावयाचे. म्हणजे कामगाराचा दिवस पाळीबरोबर संपत असे, घड्याळाबरोबर नव्हे. परंतु ज्या कोष्टकात प्रत्येक नोंदीला घड्याळाची वेळ चिकटलेली असते, तेथे ‘३१ मार्च’ हा शेवट यंत्र पुष्कळदा ३१ मार्चच्या आरंभीचा क्षण, म्हणजे आदल्या रात्रीचे बारा, असा घेते. मग तिसरी पाळीच नव्हे, तर ३१ तारखेचा जवळजवळ सारा दिवस गळतो. त्या दिवशीचा जादा कामाचा मोबदला याच स्तंभावरून निघत असेल, तर गळलेला आकडा हा कोणाच्या तरी घरचा पैसा असतो.

जगाच्या पाठीवरील एक उदाहरण येथे टाळता येत नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील हर्नडन, अ‍ॅश आणि पोलिन यांनी त्यांचे कोष्टक तपासले, तेव्हा सरासरीचा पट्टा ३० ते ४९ या वीस ओळींऐवजी ३० ते ४४ एवढाच घेतल्याचे आढळले. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश त्यामुळे हिशोबाबाहेर राहिले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की अंतिम निष्कर्षातील तफावतीत या एका चुकीचा वाटा लहान होता. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना भार देण्याची रीत यांचा मोठा होता. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ‘३० ते ४४’ या निर्देशात ‘सर्व देश’ हा अभिप्राय कोठेच लिहिलेला नव्हता. अभिप्राय लिहिलेला असता तर वाचणाऱ्याला विसंगती दिसली असती. निव्वळ जागा लिहिलेली असल्यामुळे तिचे खोटेपण तिच्यावरून ओळखता येत नव्हते.

यावर उपाय म्हणून नावांचा मार्ग पुढे आला. त्याचे तात्त्विक मूळ ई. एफ. कॉड यांच्या १९७० च्या निबंधात आहे : ओळींच्या क्रमाला अर्थ नसावा, आणि वापरणाऱ्याने स्तंभ जागेने नव्हे तर नावाने ओळखावा. २०१० साली आलेली ‘डॅक्स’ ही सूत्रभाषा, जी २०१५ पासून ‘पॉवर बीआय’च्या द्वारे सर्वत्र पोहोचली, याच पंथाची आहे. तिच्यात बी४ नाही. कोष्टकाचे नाव आणि चौकटी कंसात स्तंभाचे नाव, एवढाच निर्देश. मागील महिना काढण्यासाठी ती डावीकडे पाहत नाही. तारखांच्या वेगळ्या कोष्टकातून मार्च शोधून आणते. वर वर्णिलेली एप्रिलची फजिती तेथे होत नाही, आणि हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु नावांनी अर्धाच प्रश्न सुटला. स्तंभाला नाव मिळाले, ओळ कोणती? ती प्रसंगाने ठरते. सूत्र अहवालाच्या ज्या घरात उभे असेल त्या घराचा भाग, महिना, पाळी यांवरून यंत्र ओळी निवडते. ‘आला का?’ या मराठी वाक्यात कर्ता नसतो. दोघांनाही तो ठाऊक असतो म्हणून वाक्य पुरे होते. डॅक्सचे सूत्र हे ‘आला का?’च्या जातीचे आहे. घरातल्या घरात ते सुरेख चालते; टपालाने परक्या माणसाला पाठविले की त्याला अर्थ लागत नाही. जागेवरचे अवलंबन गेले आणि प्रसंगावरचे आले, आणि प्रसंग तर सूत्रात मुळीच दिसत नाही. त्यातच एका प्रसंगाच्या पोटात दुसरा प्रसंग असला की बाहेरच्या ओळीचा निर्देश करण्यासाठी या भाषेत ‘अर्लियर’ नावाचे फलन आहे. नावावरून कोणालाही ‘पूर्वीचा महिना’ असेच वाटेल. वास्तविक त्याचा काळाशी संबंध नाही, त्याचा अर्थ ‘बाहेरच्या प्रदक्षिणेतील ओळ’ असा आहे. इतके दिशाभूल करणारे नामकरण शोधूनही सापडणार नाही. पुढे या भाषेत मूल्याला स्वतःचे नाव देऊन ठेवण्याची सोय आली, तेव्हा या फलनाची गरज बरीच उणावली.

मराठीला या ठिकाणी एक जन्मजात सोय आहे. ‘ज्या ओळीत भाग अमुक, त्या ओळीतील रिजेक्शन’ : जो-तो या जोडीने बनणारे हे संबंधी वाक्य कोणत्या ओळीविषयी बोलणे चालले आहे ते आधी बांधून घेते आणि मग तिच्याकडे वळते. ओळीला जागा नाही, नाव नाही, तरी संदेह नाही. एखादे सूत्र जो-तो वाक्यात मराठीत म्हणून पाहिले आणि ‘जो’च्या जागी काय घालावे ते सुचेना, तर ते सूत्र प्रसंगावर विसंबले आहे असे खुशाल समजावे.

आणखी एक भेद नोंदविला पाहिजे. वित्तीय अहवालांच्या काही प्रणालींत आराखड्यातील ओळींना अंक आणि स्तंभांना अक्षरे देऊन चौकटी कंसात त्यांचा निर्देश करतात. आराखड्यात तिसरी ओळ एकच असते. अहवाल चालविला की तिच्या जागी जितके भाग तितक्या ओळी उमटतात, आणि ज्यांत आकडा नाही त्या दडविल्याही जातात. म्हणजे ‘तिसरी ओळ’ या शब्दांनी लिहिणारा प्ररूप सांगतो, वाचणारा कागदावरील व्यक्तिरूप समजतो. शब्द एक, आणि बोलणारे दोघे दोन निरनिराळ्या वस्तूंविषयी बोलत असतात.

राहता राहिला मराठी संज्ञांचा प्रश्न. ‘रांग’ हा शब्द येथे निरुपयोगी आहे. माणसांची रांग उभी-आडवी कशीही लागते. ‘ओळ’ लेखनातून आलेली असल्याने निश्चितपणे आडवी आहे. ‘स्तंभ’ पाठ्यपुस्तकांनी रूढ केला आणि तो निर्दोष आहे, पण कचेरीच्या तोंडी ‘रकाना’ हाच शब्द आहे आणि त्याच्याबरोबर एक चांगली रीतही आहे. सरकारी नमुन्यांत रकान्याच्या मथळ्याखाली पुष्कळदा १, २, ३ असे अंक छापलेले असतात, आणि पाचव्या रकान्याच्या मथळ्यातच ‘रकाना ३ + रकाना ४’ असे लिहिलेले असते. मधला रकाना छपाईत अरुंद झाला किंवा कागद दुमडला, तरी तो अंक त्याच्या माथ्यावर राहतो. आणि भरणारा, तपासणारा व सही करणारा असे तिघेही ते सूत्र एकाच ठिकाणी वाचू शकतात. पडद्यावरच्या अहवालात ते सूत्र अहवाल रचणाऱ्यापाशी असते. यंत्रावर उभा राहून नग मोजणाऱ्याच्या आणि त्या आकड्यावर सही करणाऱ्याच्या दृष्टीस ते पडत नाही.